न जोडलेली वीज

देशभरातल्या विजेचा वार्षिक अहवाल दुपारी चार वाजता वर जायचा होता. साडेतीन वाजून गेले तरी आकडेवारी विभागातल्या बाईंची सही झाली नव्हती.

समोर मीटर तपासनीस बसला होता. निवृत्तीला आलेला, दौऱ्यावरून थेट कचेरीत आलेला.

"मॅडम, तुमच्या यादीत चाळीस सौर प्रकल्प सुरू दाखवलेत. त्यातल्या अकरा ठिकाणी पॅनेल बसलीत, फीत कापलीय, पण तारच जोडलेली नाही. मीटर शून्यावर."

हे अकरा वगळले, तर धूर कमी करण्याचं देशाचं यंदाचं उद्दिष्ट हुकत होतं. बाई यादीचा कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. तपासनीसही मागोमाग गेला.

साहेबांनी कागदावर नुसती नजर टाकली. "आज ना उद्या जोडणी होईलच. आता ऐन वेळी माशी शिंकायला नको. सही करा. तुम्हाला जमत नसेल तर दुसरं कुणी करेल."

बाईंची नेमणूक अजून कायम झाली नव्हती. त्यांनी पेन उघडलं.

"साहेब, थर्मामीटर झटकला म्हणून ताप उतरत नाही," तपासनीस दारातूनच म्हणाला.

"तुम्ही मध्ये पडू नका."

"पडावं लागतंय. हीच वीज धरून तुम्ही पुढच्या महिन्यात कोळशावर चालणारा जुना वीजसंच बंद करताय. ती आलीच नाही तर दिवे जातील. लोक म्हणतील, सूर्याची वीज बेभरवशाची. मग तो संच पुन्हा पेटेल आणि बंद करायचं नाव कुणी काढणार नाही. शिवाय कागदावर काम झालंय म्हटल्यावर तारा ओढायला सांगणार कोण?"

चारला दहा मिनिटं कमी होती. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"साहेब, मी एकोणतीसच लिहीन. त्याच आकड्यावर सही करेन."

साहेबांनी पुन्हा कागद ओढला. या वेळी अकराही नावं वाचली.

"यातल्या दोन ठिकाणी फीत मीच कापलीय," ते हळूच म्हणाले. "टाळ्यांच्या नादात तार आहे का, हे पाहिलंच नाही मी."

त्यांनी फोन उचलला. "अहवाल पाच वाजता येईल. आकडा कमी आहे. हो, कारणासकट पाठवतो."

अहवालावरच्या बैठकीत साहेबांना वरिष्ठांकडून चांगलंच ऐकून घ्यावं लागलं. पण जुना संच बंद करणं पुढे ढकललं गेलं आणि तारा ओढण्याचे हुकूम निघाले. वर्षभरात अकरापैकी नऊ ठिकाणची वीज येऊ लागली, तेव्हाच तो संच थंड झाला. कुठेही अंधार झाला नाही. उरलेले दोन प्रकल्प नव्या अहवालात 'जोडणी बाकी' म्हणून नोंदले गेले. बाईंनीच ते लिहिलं आणि खाली साहेबांनी सही केली.

मंडळी, एकोणतीस प्रकल्प हीसुद्धा प्रगतीच होती, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. आपण किती चाललो हे खरं सांगितलं, तरच किती चालायचं राहिलंय ते कळतं. हवेतला धूर काही अहवाल वाचून कमी होत नाही.