लाखेच्या टिकलीतला चकवा

मी लाखेची एक जुनी टिकली आहे, आणि माझी पहिली तक्रार लोकेशबद्दल आहे. एखाद्याला जाळावर धरायचे तर आधी विचारावे तरी! पण नाही. काडी ओढली आणि धरले मला त्या ज्योतीवर. एवढा मोठा बाप्या, पण रीत म्हणून काही नाही. मित्रांनो, मी कपाळावरच्या टिकलीएवढीच आहे, पण मलाही जन्म आहे, मलाही ओळख होती. ती कशी गेली ते ऐका, म्हणजे माझा राग तुम्हांला कळेल.

चामोर्शीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या गावात, कुसुमाच्या झाडाच्या फांदीवर बारीक किड्यांनी मला घडवले. सोमारीबाईंनी, म्हणजे लोकेशच्या मायने, ती फांदी खरवडली. लाख धुतली, वितळवून कापडातून गाळली, तेव्हा तिचा रंग मधासारखा झाला. सोमारीबाई गावातल्या बायकांच्या मध गटाच्या कारभारीण. शाळा दुसरीपर्यंत, पण जीभ अशी की समोर खोटे बोलायला भलेभले कचरतात.

त्या दिवसांत बाजारात गटाच्या बाटल्यांसारख्याच बाटल्या येऊ लागल्या होत्या. तोच कागद, तीच मधमाशी, आत मात्र साखरेचा पाक. चित्र काय, कोणीही छापतो! तेव्हा गावचीच मुलगी स्वाती, चंद्रपूरला शिकून आलेली, खरी बाटली ओळखणारा एक डबा घेऊन आली. त्यात लाल उजेडाची बारीक रेघ होती आणि एक कॅमेरा.

"सोमारीबाई, अशी वस्तू पाह्यजे, का जिच्यातून उजेड जाईन, पण सरळ नाई जाणार," स्वाती म्हणाली.

"म्हंजे आमच्या लोकेशसारखी," सोमारीबाई म्हणाल्या, आणि अंगणातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मग घराघरांतून फुटक्या काचेच्या बांगड्या आल्या. हिरव्या, पांढऱ्या, पिवळ्या. त्या कुटून लाखेत मिसळल्या आणि बाटलीचे झाकण व मान जिथे भेटतात तिथे एक थेंब सोडला. तो थेंब म्हणजे मी.

मित्रांनो, माझ्या पोटात काय चालते ते सांगू? जंगलात चकवा लागला की माणूस त्याच मोहाच्या झाडापाशी पुन्हा पुन्हा येतो ना, तसे उजेडाचे होते. तो माझ्यात शिरतो आणि काचेच्या कणांमध्ये वाट हरवतो. या कणावरून त्या कणावर, हिरव्यातून पिवळ्यात, झोपेत चालल्यासारखा. बाहेर पडतो तेव्हा त्याचे हजार ठिपके झालेले असतात, चितळाच्या पाठीसारखे. त्या ठिपक्यांचे चित्र स्वाती डब्यात जपून ठेवते. प्रत्येक टिकलीचा चकवा वेगळा. सोमारीबाईंनी हट्टाने माझ्यासारखी दुसरी करून पाहिली, तेच कण, तीच लाख, तोच हात. जमली नाही. त्या दिवशी मी किती फुगले होते म्हणून सांगू!

मग मी प्रवासाला निघाले. चामोर्शीच्या दुकानातल्या एका फळीवर, खिडकीजवळ, माझी जागा होती. सकाळचे ऊन माझ्यात येऊन हरवायचे आणि भिंतीवर बारीक ठिपके नाचायचे. गिऱ्हाईक आले की लाल रेघ यायची, डबा म्हणायचा, ओळख पटली, आणि लोक मान डोलवायचे. ते दिवस मला अजून स्वप्नात येतात. एक दिवस कोणीतरी बाटली उघडली. मी मधोमध तडकले, अर्धी झाकणावर, अर्धी मानेवर. माझे कामच ते. दुःख नाही झाले. मध संपला, बाटली गावी परतली आणि मी लोकेशच्या कोठीत धूळ खात पडले. तिथे उजेडच येत नव्हता. उजेडाशिवाय मी काय, नुसता चिकटा.

त्या वर्षी मध कमी निघाला. सोमारीबाईंच्या घराची रीत अशी, की पोळे सगळे कापायचे नाही, अर्धे माश्यांना सोडायचे. लोकेशला ती रीत पटत नव्हती. दुकानाने बाटल्या मागितल्या होत्या आणि त्या कमी पडत होत्या. मायचे नाव जाईल या भीतीने त्याने रिकाम्या बाटल्यांत गुळाचा पाक भरला, वर थोडा मध ओतला. नवी टिकली लावायची तर स्वातीकडे जावे लागले असते, आणि सोमारीबाई मध चाखल्याशिवाय ती लावू देत नाहीत. म्हणून त्याने जुन्याच जोडल्या, आणि काही बाटल्या डब्याला न दाखवता विकल्याही. लाखेच्या घरात जन्मलेला तो. तडकलेली लाख ऊब दिली की सांधते, हे त्याला पाळण्यापासून ठाऊक.

सांधले मी. वरून पाहाल तर ओरखडाही नाही. पण त्या उबेत मला गुंगी आली आणि माझ्या पोटातले कण हळूहळू पोहू लागले. हिरवा खाली गेला, पिवळा वर आला. जागी झाले तेव्हा माझ्या जंगलातल्या साऱ्या वाटा बदलल्या होत्या. मी मीच होते का? मला अजून कळत नाही.

चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी, सोमारीबाई आणि लोकेशही दुकानात असताना, स्वातीने माझ्यावर लाल रेघ सोडली. डबा म्हणाला, ओळख पटत नाही.

"मशीन बिघडली," लोकेश घाईने म्हणाला. "टिकली तं तेच हाये, पाह्य ना!"

गिऱ्हाईक थांबले. स्वाती सोमारीबाईंकडे पाहू लागली. मशीन बिघडली एवढे त्या बोलल्या असत्या, तर लेक वाचला असता. पण मग जगातल्या एकाही टिकलीला अर्थ उरला नसता. सोमारीबाईंनी झाकण फिरवले. मी पुन्हा तडकले. त्यांनी बोट खोलवर बुडवले आणि चाखले.

आता मी त्यांच्या घरच्या खिडकीत असते. गावची मुले मला उन्हात धरतात, ठिपके पाहतात. कोणताही डबा मला ओळखत नाही, पण ऊन अजून येते. मित्रांनो, तडकलेली वस्तू तडकली म्हणून ठेवा. तिला अख्खी म्हणून विकू नका. मला तेवढेच मागायचे आहे. बाकीचे त्या दिवशी, बाटलीतले चाखल्यावर, सोमारीबाई भर दुकानात बोलल्या. बोट पदराला पुसून त्या लेकाकडे वळल्या:

"लोकेश, मशीन चांगली हाये. मधात गूळ हाये, अन् तो तुह्या हातचा हाये. पोळं अर्धं सोडतो आपण, ते पुढच्या साली माशीनं पुन्हा आपल्या झाडावर यावं म्हून. हे लोकं काऊन येतीन आता? उचल साऱ्या बाटल्या. चौकात उभा राह्य, अन् ज्याले ज्याले इकल्या त्याले सोताच्या तोंडानं सांग. पोळ्याले अन् लाखेले तुह्या हात नाई लागणार, मी सांगीन तवापर्यंत. सांगून झालं का मंग घरी ये. भात झाकून ठेवीन."