कांदेलियाच्या कढईवरचा झारा

बाबांनी झारा फिदेन्सिओच्या हातात दिला, तेव्हापासून माझं टाळकं फिरलं होतं. अहो, फिदेन्सिओ कोण? माझ्या बहिणीचा, ओलेगारियाचा नवरा. गेल्या वर्षी लग्न होऊन आलेला! आणि मी सख्खा मुलगा, बारा वर्षं डोंगरावर कांदेलियाची झुडपं उपटतोय, गाढवांवर भारे लादतोय.

ही झुडपं ॲसिडच्या पाण्यात उकळली की मेणाचा फेस वर येतो. तो झाऱ्याने काढायचा. आमच्या कोआविलाच्या मुलखात ज्याच्या हातात झारा, तो कढईचा राजा. बाकीचे हमाल.

"काय कॉस्मे, जावईबापूंचा भारा आणलास का?" शेजारचा पांफिलो रोज डिवचायचा. मी आतल्या आत जळायचो.

त्या दिवशी गाढवं घेऊन उतरलो, तर बाबा गार झालेला मेणाचा खडा बोटांत चोळत म्हणत होते, "वा, जावई! असं मेण आजवर निघालं नव्हतं."

झालं! फिदेन्सिओ जळणासाठी उकळून उरलेल्या झुडपांचा वाळलेला चोथा आणायला गेला, तसा मी बाबांवर तुटून पडलो.

"जावई सोन्याचा, आणि मी काय उकिरड्यावर सापडलो?"

"हळू बोल."

"का हळू? माझे हात काय मोडलेत?"

बाबांनी चाचपडत माझं मनगट धरलं. त्यांची बुबुळं पांढुरकी, पापण्या कायमच्या सुजलेल्या. पुढचे दात तर कधीच झिजून गेले होते.

"गाढवा, बत्तीस वर्षं त्या ॲसिडच्या वाफेत उभा होतो," ते कुजबुजले. "आता तुझं तोंडही नीट दिसत नाही मला. माझ्या एकुलत्या एका पोराला तिथं उभं करू? तो काय, परक्याचा."

खरं सांगतो, आधी मला आनंदच झाला. बाबांचा लाडका मीच होतो!

मग मागे वळलो. फिदेन्सिओ कवेत चोथा घेऊन उभा होता. डोळे लालभडक. त्याने चोथा खाली टाकला, झारा उचलला आणि दांडा माझ्यापुढे केला.

"घ्या, मेहुणे. हवा होता ना? ओलेगारियाला पाचवा महिना लागलाय. मलाही माझ्या पोराचं तोंड बघायचंय."

वर्षभर ज्या झाऱ्यासाठी जळलो, तो हाताशी होता आणि माझा हात वर उठेना.

फेस उतू जायला लागला, तेव्हा शेवटी फिदेन्सिओच कढईकडे वळला.