हौदात पडलेले कणकेचे गोळे

जपानातल्या त्सुकुबा गावी, एका भाड्याच्या घरामागे, कुंपणाच्या कडेला जमिनीत पुरलेला मी एक लहानसा हौद आहे. मला दगडी काठ नाही, कारंजंही नाही. जाड काळ्या प्लास्टिकचं माझं अंग, एका बाजूला उथळ आणि दुसऱ्या बाजूला गुडघ्याच्या वर खोल. मित्रांनो, माझं आयुष्य फार मोठं नाही. पण त्यातला एक हिवाळा माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे सांगतो आहे.

साच्यातून निघाल्यावर मी कितीतरी दिवस एका दुकानाच्या आवारात उलटा पडून होतो. माझ्या पाठीवर पाऊस वाजायचा, पण माझ्यात थेंबभर पाणी नव्हतं. मग एका उन्हाळ्यात पुष्कर नावाचा माणूस मला घ्यायला आला. तो इथल्या एका संशोधन संस्थेत काम करतो. त्याच्या मुलीनं, ओवीनं, जत्रेतल्या खेळात कागदाच्या जाळीनं तीन सोनमासे पकडले होते आणि ते घरातल्या बादलीत पोहत होते. ओवीची आई स्वप्ना रोज विचारायची, "माझी बादली मला कधी मिळणार? फरशी काय बशीत फडकं बुडवून पुसू?" तेव्हा मी खरं तर त्या बादलीच्या सुटकेसाठी आलो, असंही म्हणता येईल.

घरमालकानं परवानगी दिली, पण घर सोडताना खड्डा बुजवायचा या अटीवर. पुष्करनं दोन रविवार खणलं. इथली माती काळी आणि मऊ. मला खड्ड्यात ठेवलं तर एक कड कलली, म्हणून त्यानं मला बाहेर काढून खाली वाळू पसरली आणि पुन्हा बसवलं. पावसाचा चिखल आत येऊ नये म्हणून काठ जमिनीपेक्षा थोडा वर ठेवला. पाणी भरल्यावर नळातल्या पाण्याचं औषध उडून जावं म्हणून काही दिवस तसंच राहू दिलं. ओवी शाळेतून आली की दप्तर न काढता जपानीत विचारायची, झालं का? शेवटी मासे आले. एक केशरी, त्याचं नाव मिकान, म्हणजे संत्रं. एक काळा, तो कुरो. तिसरी एवढीशी होती, तिला नाव सुचत नव्हतं.

ते नाव आप्पांनी दिलं. आप्पा म्हणजे पुष्करचे वडील, मिरजेचे. त्या वर्षी त्यांची पत्नी वारली होती. घरी एकटे बसून राहतात म्हणून पुष्करनं त्यांना पाऊसकाळ संपल्यावर तीन महिन्यांसाठी इकडे आणलं. त्यांना इथली भाषा येत नव्हती आणि ओवी मराठी समजायची, पण उत्तर जपानीत द्यायची. दोघं माझ्या काठावर बसत.

"ही धाकटी सगळ्यांच्या मागं का गं?" आप्पा विचारत.

ओवी जपानीत भरभर काहीतरी सांगे.

"असं होय," आप्पा मान डोलावत, जणू सगळं कळलं. मग म्हणत, "हिचं नाव ठकी. आमच्या गल्लीत होती एक. अशीच फुगलेली."

ओवी खो खो हसायची. माझ्या आयुष्यातले तेच चांगले दिवस. आप्पा लहानपणी कृष्णेच्या घाटावर माशांना कणकेचे गोळे घालत असत. इथंही स्वप्ना पोळ्यांची कणीक मळायला लागली की ते सुपारीएवढा गोळा मागून आणत आणि चिमटीनं कण कण सोडत. ठकीला जरा जास्त.

मग थंडी आली. त्सुकुबाच्या डोंगरावरून कोरडा वारा उतरू लागला. एका दुपारी पुष्करनं माझी हिवाळ्याची तयारी केली. जलपर्णी गोठून सडते म्हणून काढून टाकली. तळातला गाळ उपसला, पाणी फिरवणारा पंप धुऊन घरात ठेवला. पानं पडू नयेत म्हणून वर जाळी ताणली आणि खोल बाजूवर वेताची चटई घातली. बर्फ धरला तरी थोडी फट राहावी म्हणून थर्माकोलचा तुकडा पाण्यावर सोडला. काम करता करता त्यानं स्वप्नाला आणि ओवीला सांगितलं की आता वसंत येईपर्यंत यांना खायला घालायचं नाही. थंड पाण्यात त्यांना पचत नाही, पोटातच सडतं. आप्पा तेव्हा आत झोपले होते.

त्यांना हे नंतरही कोणी सांगितलं नाही.

मासे माझ्या तळाशी जाऊन निश्चल बसले. आप्पा रोज सकाळी येत, जाळीची कड उचलून बघत. एकदा ओवी शेजारी होती, तेव्हा ते हळूच म्हणाले, "तुझी आजी शेवटी अशीच पडून राहायची. चमच्यानं भरवलं तरी गिळायची नाही." आणि त्यांनी स्वप्नाच्या परातीतून उचललेला गोळा फोडून पाण्यात सोडला. ठकी हलली, वर आली, तिनं खाल्लं. आप्पांचा चेहरा किती दिवसांनी उजळला.

ओवीनं संध्याकाळी बापाला सांगितलं. पुष्करनं जाळीची कड उचलून आत पाहिलं. मग म्हणाला, "राहू दे. आई गेल्यापासून पहिल्यांदा ते कशात तरी रमलेत. तू त्यांना काही बोलू नकोस."

स्वप्नालाही त्यानं तेच सांगितलं. त्यानंतर तो कामावर जाण्याआधी लहान जाळीनं उरलेली कणीक काढून टाकायचा. पण माशांच्या पोटात गेलेली कणीक जाळीनं निघत नाही. मला सगळं कळत होतं. मला तोंड आहे, पण ते पाणी धरण्यापुरतं.

नवं वर्ष लागल्यावर एका सकाळी ठकी चटईखाली उलटी तरंगत होती. आप्पा मुठीत कणीक घेऊन आले होते. त्यांनी ओवीला हाक मारली. ओवीनं आधी ठकीकडे पाहिलं, मग त्यांच्या मुठीकडे. आणि ती स्वच्छ मराठीत बोलली.

"थंडीत त्यांना खायला द्यायचं नसतं, आप्पा."

"तुला माहीत होतं?"

"बाबांनाही माहीत होतं. ते म्हणाले, तुम्हाला सांगायचं नाही."

आप्पांनी कणीक खिशात घातली. ओवीनं कुंपणापाशी खड्डा केला, ते तिला माती लोटू लागले.

संध्याकाळी पुष्कर माझ्यातलं घाण पाणी काढत होता, तेव्हा आप्पा बाहेर आले.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, आप्पा."

"वाटलं असतं. एक दिवस गप्प बसलो असतो. चूक दाखवत नाहीत ती पाहुण्याला. मी तुझ्या घरी पाहुणा झालो काय रे?"

पुष्करनं हातातली बादली खाली ठेवली.

त्याच आठवड्यात मिकानही गेला. आप्पा पुन्हा माझ्या काठावर आले नाहीत. ओवी बोलवायला गेली की ते काचेच्या दारापर्यंत येत, आणि आत गार वारा येतो म्हणून परत फिरत. जाण्याच्या दिवशी त्यांनी ओवीच्या डोक्यावर हात ठेवला, तेवढंच.

आता कुरो आहे, दोन नवे मासेही आहेत. दर रविवारी ओवी फोन घेऊन माझ्याजवळ बसते आणि आप्पांशी बोलते, हल्ली बरीचशी मराठीत. आप्पा तिची शाळा विचारतात, थंडी विचारतात, जेवलीस का विचारतात. ओवी एकदा फोन माझ्याकडे वळवायला लागली, तर ते म्हणाले, "राहू दे, दिसत नाही नीट."

मित्रांनो, तुमच्या अंगणात माझ्यासारखा हौद असेल, तर थंडी पडण्याआधी त्याचा गाळ काढा, वर जाळी घाला आणि माशांना उपाशी निजू द्या. त्यांना ते सोसतं. आणि घरातलं म्हातारं माणूस चुकताना दिसलं, तर त्याच्याजवळ बसून त्याला सांगा. ते रागावेल, दोन घास कमी जेवेल. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तुमच्याजवळ येऊन बसेल.

माझ्या काठावर आप्पांची बसायची जागा अजून रिकामी आहे.