फुरमिंट आणि अळूवडी

“हंगेरीची ती पांढरी वाइन पुढच्या यादीत घ्यायची नाही,” मिस्टर कोह म्हणाले. “शुक्रवारी तिची मालकीण येतेय. तोंडावर सांगायचं जिवावर आलंय.”

निशिकांत देवधर कूलिंग मशीनच्या काट्यावर नजर लावून उभा होता. तुआस या बंदराकाठच्या कारखान्यांच्या भागातल्या त्या वाइनच्या गोदामात गेली सोळा वर्षं थंडावा राखायचं काम तो करत होता. कुठल्या देशाची खोकी कुठे आहेत, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. पण आतली वाइन कशी लागते, हे त्याला कधी कोणी विचारलं नव्हतं.

“का पण, सर?” आज त्याने विचारलं.

“हंगेरी म्हटलं की गिऱ्हाइकं गोड वाइन मागतात. ही फुरमिंट द्राक्षाची, अजिबात गोड नाही, वर आंबट. कशाबरोबर प्यायची, तेच कुणाला कळत नाही.”

“अळूवडीबरोबर देऊन बघा,” निशिकांत बोलून गेला आणि स्वतःच चपापला.

गेल्या वर्षी, म्हणजे २०१३ साली, दिवाळीला सगळ्या कामगारांना त्याच वाइनची एकेक बाटली मिळाली होती. ती महिनाभर फ्रिजमध्ये पडून होती. जाईचा, त्यांच्या मुलीचा, निकाल लागला तेव्हा त्याच्या बायकोने, मेधाने, अळूवड्या केल्या आणि त्याने बाटली उघडली. मेधाने भीतभीत घोट घेतला. “अगं बाई! कच्च्या सफरचंदासारखी लागतेय. आणि मागून धुराचा वास येतोय, चुलीवरच्या दुधासारखा.” मग वडीचा तुकडा, मग घोट. चिंच, गूळ, तीळ सगळं जिभेवर वेगवेगळं उठून आलं. ताट कधी संपलं ते दोघांनाही कळलं नाही.

हे त्याने जसंच्या तसं सांगितलं. मिस्टर कोहनी फोन काढून शुक्रवारच्या भेटींच्या वेळा पाहिल्या. मग म्हणाले, “शुक्रवारी जेवायला येऊ? तिला घेऊन?”

“अहो, साहेब आणि परदेशी पाहुणी येणार, आणि मला आज गुरुवारी सांगताय?” मेधा ओरडली. पण ओरडत ओरडतच तिने चपला घातल्या आणि अळूच्या पानांसाठी भारतीय भाजी मिळणारं टेक्का मार्केट गाठलं.

शुक्रवारी दुपारी सेंगकांगच्या त्यांच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये इलोना आली. साठीची, उंच, बोटांना मातीत काम करून भेगा पडलेल्या. तिने वडी खाल्ली, वाइनचा घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. डोळ्यांत पाणी.

“अहो, घशाला खाजलं वाटतं!” मेधा पुटपुटली. “चिंच कमी पडली का हो?”

पण इलोनाला खाजलं नव्हतं. ती मोडक्या इंग्रजीत सांगू लागली. त्यांचा टोकाय प्रांत, विझलेल्या ज्वालामुखींच्या टेकड्या, दोन नद्यांचा संगम, शरद ऋतूत सकाळभर द्राक्षांवर बसणारं धुकं. तिथे सगळे गोड वाइनच करायचे. तिच्या नवऱ्याने मात्र बिनगोडीची करायला घेतली आणि गावाने त्याला वेड्यात काढलं.

“तो नेहमी म्हणायचा, जगात कुठेतरी हिच्या जोडीचा घास असणार. आयुष्यभर शोधत राहिला. हंगेरीत नाही मिळाला.” तिने ताट पुढे केलं. “अजून आहेत?”

“वाट्टेल तेवढ्या!” मेधा म्हणाली.

मिस्टर कोहनी सात खाल्ल्या. जाई हसत तिथल्या बोलीत म्हणाली, “अंकल, slowly lah!” आठवी उचलताना ते म्हणाले, “वाइन यादीत राहील. पुढच्या बुधवारी हॉटेलात मोठ्या गिऱ्हाइकांना चाखायला देऊ. वड्या याच, आणि तुम्ही दोघांनी यायचं.”

बुधवारी संध्याकाळी हॉटेलचा हॉल माणसांनी भरला. आत स्वयंपाकघरात मेधा हॉटेलच्या दोन आचाऱ्यांना वड्या तळायला शिकवत होती. तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. वेटरने बर्फातून बाटल्या काढल्या आणि तो पेले भरणार, तोच निशिकांतने एका बाटलीला हाताचा पंजा लावला.

“थांबा,” तो म्हणाला. “फार गार आहे. अशी दिलीत तर वासच येणार नाही. दहा मिनिटं बाहेर राहू दे.”

वेटरने मिस्टर कोहकडे पाहिलं. कोहनी इलोनाकडे. इलोनाने होकारार्थी मान डोलावली.

हॉलमधली सुटाबुटातली माणसं रिकामे पेले हातात धरून उभी राहिली. निशिकांत घड्याळ बघत होता. कोणी घाई केली नाही.