धनुष्याची पाठ

बशीच्या काठावर एक ढलपी येऊन पडली होती. कागदाहून पातळ, स्वतःतच वळलेली, मधाच्या रंगाची. कप ओढताना अनंतच्या श्वासानं ती हलली आणि त्याला वाटलं, हिला चिमटीत धरून चुरडून टाकावं… पण त्यानं ती नुसतीच बाजूला सारली. बाल्कनीतून काचेचा आवाज येत होता. खर्र… मग थांबणं, मग पुन्हा खर्र… सलिल काचेच्या तुकड्यानं धनुष्याचं पोट खरवडत होता.

सलिल, धाकटा भाऊ, एकोणपन्नास वर्षांचा. आयुष्यातलं पहिलं धनुष्य तो करत होता, आणि तेही शिकारीचं. "शिकार कशाची करणार आहेस?" असं अनंतनं सुरुवातीलाच विचारलं होतं, शक्य तितक्या सहज आवाजात. "कशाचीच नाही. पण ओढायला वीस किलोचं बळ लागलं तरच त्याला शिकारीचं म्हणतात. त्याच्या खाली म्हणजे छत्रीची काडी," सलिल म्हणाला होता, आणि अनंतची बायको वासंती स्वयंपाकघरातून हसली होती. घरात कोणी असं हसल्याला किती दिवस झाले होते…

खरं तर सुरुवात अनंतनंच करून दिली होती. डॉक्टर म्हणाले, हाताला काम हवं. सलिल म्हणाला, धामणीचं लाकूड हवं. आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून विश्रांतवाडीपर्यंत सलिल स्कूटरवर मागे बसून सहा फुटी फाळका खांद्याशी उभा धरून आला होता, सिग्नलला लोक बघत होते, आणि आरशात त्याचा चेहरा — सव्वीस वर्षं मनाच्या आजाराच्या गोळ्यांनी सुजवलेला, झोपाळू चेहरा — असा जागा दिसत होता की अनंतचं रस्त्यावरचं लक्ष दोनदा उडालं. गोळ्यांमुळे सलिलचा हात थरथरतो. चहाचा कप त्याला अर्धाच भरून द्यावा लागतो. काचेचा तुकडा लाकडावरून ओढताना मात्र तो थरथरत नाही. हे अनंतनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर थांबेल, असं काहीतरी.

आज सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी रंगनाथराव दारात उभे होते. "आपल्या बाल्कनीत काय चाललंय हे विचारायला मी आलेलो नाही. ते खालून दिसतंच आहे. कधी थांबणार, एवढंच विचारायचंय." अनंत म्हणाला, बघतो. "बघा. आम्हीही बघतोच आहोत," असं म्हणून ते जिना उतरून गेले. त्याआधी परवा मुलीचा, ओवीचा फोन. बुधवारी ती बंगळुरूहून येणार, पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन, नात पहिल्यांदाच या घरात येणार. "बाबा, काका मला आवडतो, तुम्हाला माहितीये. पण ते धनुष्य घरात असेल तर मी नाही येणार. सॉरी." ती रडत होती, म्हणून तिच्यावर रागावताही आलं नाही. आणि वासंती — "तुम्ही काय ते ठरवा, मी दोन्हीकडून वाईट होणार नाही." सगळ्यांनी आपापलं वाक्य बोलून टाकलं होतं, आणि ती सगळी वाक्यं आता अनंतच्या तोंडात होती. काल तो ती घेऊन बाल्कनीत गेलाही होता. "सलिल, हे…" एवढं म्हटलं, तोच सलिल वळला. "दादा, बघ. दोन्ही बाहू सारखे वाकतायत आता." आणि खरंच ते वाकत होते, सारखे, सावकाश, कोणीतरी कमरेत वाकून नमस्कार करावा तसे. अनंत म्हणाला, "छान."

दहा वाजता वासंती सलिलला घेऊन महिन्याच्या रक्ततपासणीला निघाली. निघण्यापूर्वी सलिलनं घरातल्या नियमाप्रमाणे पटाशी अनंतच्या हातात दिली. धार स्वतःकडे, मूठ अनंतकडे.

"बाल्कनीचं दार लोटून घे, दादा. ऊन लागू देऊ नकोस त्याला."

"हो."

"दुपारी पूर्ण ओढून बघायचं."

"चला भाऊजी, रांग वाढेल," वासंती म्हणाली.

दार बंद झालं. पटाशी कपाटात ठेवायची होती. कपाट बेडरूममध्ये होतं, आणि अनंत बाल्कनीत उभा होता — कसा, ते त्याला कळलं नाही, किंवा कळलं पण त्यानं ते कळू दिलं नाही. धनुष्य कठड्यापाशी भिंतीला टेकून उभं होतं. पोट आणि पाठ: ओढणाऱ्याकडे येतं ते पोट, पुढे जाते ती पाठ. खरवडायचं ते पोटातून, पाठीला हात लावायचा नाही. लाकडाचा सगळ्यांत वरचा एकच थर टोकापासून टोकापर्यंत अखंड राहायला हवा, कारण सगळा ताण त्याच्यावर. "पाठीचा एक धागा तुटला की तिथून सगळंच तुटतं," सलिल म्हणाला होता, आणि तो एक थर शोधत, जपत त्यानं तीन आठवडे काढले होते, नाक लाकडाला लावून…

त्याच्या हातून काढून घ्यायचं नाही. कोणीच काढून घेतलं नाही, असं व्हायला हवं. ते आपसूक तुटेल, पहिलं धनुष्य तुटतंच, असं तो स्वतःच म्हणतो, मग मी त्याच्या पाठीवर हात ठेवीन, वाईट मलाही वाटेल, अगदी खरं वाईट — असं सगळं अनंत विचार करत होता तेव्हा पटाशीचं टोक धनुष्याच्या मुठीच्या वितभर वर, पाठीच्या लाकडात गेलेलं होतं. नखाएवढी चीर. आडवी. आवाज झालाच नाही. चीर पांढरी दिसली, फार पांढरी, म्हणून त्यानं डबीतलं जवसाचं तेल बोटावर घेऊन, त्यात भुसा कालवून चोळलं. मग पटाशी कपाटात ठेवली आणि हात दोनदा धुतले.

बेसिनपाशी त्याला ती जुनी दुपार आठवली. आजाराचं पहिलं वर्ष. सलिल भाजीची सुरी घेऊन दारात तीन तास उभा. ही गोष्ट नातेवाइकांना, डॉक्टरांना, पुढे वासंतीला, ओवीला अनंतनंच सांगितलेली. सुरी प्रत्येक वेळी सांगितली. पण तेव्हा सलिल काय म्हणाला होता — "कोणीतरी येतंय, तू आत जा दादा, मी आहे इथे" — ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं. का नाही? विसरलो म्हणून? विसरलो असतो तर आता कसं आठवलं…

जेवणं झाली. सलिलच्या कोपरापाशी कापसाचा बोळा अजून चिकटलेला होता. त्यानं धनुष्याला दोरी चढवली आणि अनंतच्या मनात एकदम आलं: तुटेल तेव्हा सलिलचं तोंड तिथेच, वितभर अंतरावर. हे सकाळी कसं सुचलं नाही?

"आज नको ओढूस."

"का?"

"असंच. रक्त दिलंयस आज."

"एवढंसं घेतात." सलिल हसला. मग सवयीप्रमाणे ओढण्याआधी त्यानं पाठीवरून अंगठा फिरवत आणला, वरच्या टोकापासून खाली, आणि अंगठा मुठीच्या वर येऊन थांबला. मागे गेला. पुन्हा आला.

"इथे कापलं गेलंय."

सलिलनं दोरी उतरवली, धनुष्य उजेडात धरलं, नखानं तेल-भुसा खरवडला. बराच वेळ गेला. अनंतला वाटलं, आता तो वर बघेल आणि त्याला कळलेलं असेल, आणि त्या कळण्याची त्याला घाई झाली, तहान लागावी तशी.

सलिलनं वर बघितलं. "दादा, मी मारली का इथे पटाशी?"

असे प्रश्न तो सव्वीस वर्षं विचारत आलाय. दादा, आत्ता बेल वाजली का? दादा, खाली कोणी माझं नाव घेतलं का? अनंत सांगतो, नाही, आणि सलिल ते मानतो. स्वतःच्या कानांपेक्षा जास्त. जगात काय घडलं आणि काय नाही, हे त्यानं कधीच अनंतवर सोपवून टाकलंय.

"माझं लक्ष नव्हतं," अनंत म्हणाला.

सलिलनं मान हलवली. "वरून तेल चोळलंय, भुसा घालून. म्हणजे लपवलंय." तो थांबला. "मीच लपवलं असणार. मला आठवत नाहीये, दादा. अजिबात आठवत नाहीये." आवाज शांत होता, शांतच होता, फक्त त्याचा हात आता थरथरत होता. "पटाशी आजपासून मला देऊ नकोस. मागितली तरी."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. वासंतीनं ऐकलं होतं. थोड्या वेळानं ती दारात आली, अनंतकडे बघून तिनं डोळे मिटून उघडले — सुटलो, अशा अर्थानं — आणि भाऊजींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "ओवीला फोन करते." हवं होतं ते सगळं मिळालं होतं, कोणाच्या हातून काहीही हिसकावून न घेता. अनंत स्टुलावर बसला.

"फेकून द्यायला नको," सलिल म्हणत होता. "चिरेवर दोरा गुंडाळायचा, घट्ट, फेव्हिकॉल लावून. ओढता नाही येणार कधी. पण राहील." दोऱ्याचं रीळ त्यानं शोधून आणलं. "माझा हात आज नीट नाही. तू धर दोन्हीकडून."

अनंतनं धनुष्य मांडीवर आडवं घेतलं आणि दोन्हीकडून धरलं. ते अपेक्षेपेक्षा हलकं होतं. समोर भावाचं खाली वाकलेलं डोकं, विरळ झालेले केस, आणि त्या केसांतून दिसणारी, लहानपणी असायची तशीच, दोन भोवऱ्यांची टाळू. सलिल सावकाश गुंडाळत होता, प्रत्येक फेरा आधीच्याला चिकटून, चुकला की उलगडून पुन्हा. आत वासंती फोनवर काहीतरी सांगत होती, तिचा आवाज मोकळा लागला होता. तू नाही मारलीस सलिल. चारच शब्द. तू नाही… ते दाताशी आले, आणि मग पुढचं सगळं त्यांच्या मागून आलं: आत्तापर्यंत ज्याला ज्याला "नाही" म्हटलं ते सगळं, सव्वीस वर्षांची प्रत्येक न वाजलेली बेल, तीही त्याला मग खरी वाटायला लागेल, आणि मग तो कोणाला विचारेल…? की हेही कारणच आहे, माझ्या सोयीचं?

"घट्ट धर," सलिल म्हणाला. "हलतंय."

अनंतनं घट्ट धरलं. हा फेरा पुरा झाला की सांगू, असं त्यानं ठरवलं. तो पुरा झाला, आणि सलिलनं अंगठ्यानं दोरा दाबून पुढचा घेतला.