हिनोकुबोतलं शेवटचं माणूस

जपानच्या डोंगरातला कामिओसे तालुका येत्या मार्चमध्ये नकाशावरून पुसला जाणार होता. त्याची तिन्ही गावं खालच्या शहरात विलीन होणार, म्हणून जाता जाता तालुक्याचा इतिहास-भूगोल छापून ठेवायचं ठरलं. पाच निवृत्त माणसांची समिती बसली. पुस्तक वाचणार कोण, तर बहुधा तेच पाच जण. पण एकेका ओढ्याच्या नावावरून अशी जुंपायची की जणू सारा देश वाट बघत बसलाय.

भूगोल कुनिमात्सूकडे होता. चाळीस वर्षं ग्रामकचेरीत काढलेला माणूस, नियमाचा पक्का. एक ऑक्टोबरच्या जनगणनेला जिथे एक तरी माणूस राहत असेल ती वाडी नांदती, बाकीच्या शेवटच्या 'ओसाड वाड्या' या प्रकरणात, हा नियम त्यानेच सुचवला. घरी येऊन यादी करायला बसला तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की आपलीच हिनोकुबो वाडी आता या नियमात अडकणार.

हिनोकुबो नदीच्या वर, डोंगराच्या उन्हाकडच्या अंगाला. एके काळी तिथे अकरा घरं होती, कोळशाच्या भट्ट्या होत्या, कागदासाठी लावलेल्या झाडांच्या रांगा होत्या. पक्का रस्ता आला तेव्हा वाडीने तीन दिवस जेवणावळी घातल्या, आणि मग वीस वर्षांत त्याच रस्त्याने एकेक घर खाली उतरलं. कुनिमात्सूही उतरला. मागे उरली त्याची थोरली बहीण शिनो, ब्याऐंशी वर्षांची. तिचे पाय सुजायला लागले होते, आणि तिची मुलगी तोमिए तिला सप्टेंबरातच शहरात न्यायचं म्हणत होती.

सप्टेंबरच्या मध्याला तो वर गेला. शिनोने चहा आणि खारवलेली वांगी पुढे ठेवली, आणि केस होते तेव्हा बरा दिसायचास, म्हणाली. त्याने नकाशा उलगडून पुस्तकाचं सगळं सांगितलं. मग चाचरत मुद्द्यावर आला.

"ताई, एक तारखेपर्यंत थांबशील का? गणनेवाला येऊन गेला की मग जा खुशाल."

"एवढंच ना? चेहरा असा करून आलास, मला वाटलं घर मागतोस." ती हसली. "थांबते की. मला कुठे लग्नाला जायचंय."

तो खुशीत खाली उतरला. तिच्या पायांची चौकशी करायची मात्र राहूनच गेली.

एक तारखेला गणनेवाला येऊन गेला. शिनोने फॉर्म स्वतःच्या हाताने भरून दिला. तीन तारखेला तोमिए गाडी घेऊन वर गेली, तेव्हा आई शेगडीपाशी आडवी पडलेली होती, गार. हृदय थकलं होतं, डॉक्टर म्हणाले.

मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपल्यावर मामा-भाची घर आवरायला वर गेली. तोमिए कपाटातली अंथरुणं काढून घड्या घालत होती.

"सप्टेंबरच्या वीस तारखेला आईसाठी दवाखान्यात खाट मिळाली होती," ती म्हणाली. "आईनेच फोन करून ती सोडली. मला म्हणाली, कुनीचं एक काम माझ्यावाचून अडलंय. मामा, कसलं काम होतं ते?"

खाटेचं त्याला कोणीच सांगितलं नव्हतं, शिनोने तर मुळीच नाही. सख्ख्या बहिणीला आपण एका तारखेसाठी डोंगरावर बसवून ठेवलं, हे त्याला तेव्हा कळलं. कागदपत्रांचं काम होतं, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती; कचेरीत जन्म गेलेला माणूस. पण ते त्याला जमेना. त्याने नियम सांगितला, तारीख सांगितली, शेवटचं प्रकरणही सांगितलं. सांगता सांगता आवाज इतका बारीक झाला की तोमिएला जवळ सरकावं लागलं.

ऐकून झाल्यावर तिने आईची गोधडी उराशी धरली.

"मग? राहिलं का वाडीचं नाव?"

"राहिलं," तो म्हणाला.

तोमिएने मान हलवली. गोधडी घेऊन ती गाडीकडे गेली, आणि त्याच्यासाठी न थांबता एकटीच खाली उतरली.