सोललेलं लाकूड

खोडाळ्याच्या जकात नाक्यावर कारकून गोवर्धनने सकाळपासून अडसर खालीच ठेवला होता. नव्या कायद्यानंतरचा हा पहिला बाजार, आणि लाकूड कंपनीचा एजंट त्याच्याच खुर्चीवर बसून आपल्या गाड्यांची वाट बघत होता.

कायदा मुळात साधा होता: संस्थानाबाहेर जाणाऱ्या लाकडाला जकात. मग हा एजंट पावसाळाभर जव्हारला मुक्काम ठोकून बसला आणि कायद्याला पोटकलमं फुटत गेली. शेवटचं असं, की साल काढलेलं लाकूड हा तयार माल, त्याला जकात माफ. साल काढून लाकूड नेत असे ती एकटी कंपनी. तिचं नाव कुठेही न लिहिता ती सुटली. तूट भरायला डोक्यावरच्या मोळीची जकात तेवढी वाढली.

उतारावरून बायका येताना दिसल्या. डोक्यांवरच्या मोळ्या पांढऱ्याफटक होत्या. करंगळीएवढ्या काटक्यासुद्धा सोललेल्या.

पुढे गंगी होती. "दवंडी आयकली, दादा. सालीवाल्याला जकात, बिनसालीला माफ. रातभर सोलतोय. बोटं बघ."

"हे जळण आहे!" एजंट उठला. "कायदा यांच्यासाठी नाही. घे जकात."

"साहेब, कलमात जळण वगळलेलं नाही," गोवर्धन म्हणाला.

"वगळू की. पुढच्या बाजाराला पोटकलम येईल: बैलगाडीतून नेलेलंच लाकूड माफ."

"मंग मोळीला बैल जुपू," गंगी म्हणाली. मागच्या बायका फिसकन हसल्या.

एजंट हसला नाही. तो गोवर्धनच्या जवळ आला, हळू बोलला. "पोटकलमाबरोबर नवा कारकूनही येईल. जव्हारला संस्थानच्या कारभाऱ्यांकडे आजच जेवायला आहे मी."

जव्हारला त्याच्या बायकोचे, अनसूयेचे, दिवस भरत आले होते. राहायची खोली नोकरीबरोबर मिळालेली, नोकरीबरोबरच जाणार. गोवर्धनने कलम पुन्हा वाचलं. त्यात जळण सापडलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. सापडलं नाही.

"दादा, मान मोडली," गंगी म्हणाली. "सांग काय ते. साल परत चिकटवू?"

त्याने अडसर उचलला. तो एकदा निसटून खुंटावर आपटला आणि पुन्हा उचलावा लागला. बायका खाली वाकून, मोळ्या सांभाळत, एकेक करून पलीकडे गेल्या.

एजंटने घोडा मागवला.